जुने संगणक आणि सॉफ्टवेअर विकताना कागदावर काय लिहायचं?



सोन्याची अंगठी विकली तरी आपण पावती मागतो. जुनी मोटार विकली तर आरटीओचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरतो. पण धंद्यातले तीस-चाळीस संगणक, सर्व्हर, प्रिंटर आणि त्यांच्यासोबतचं सॉफ्टवेअर विकायचं म्हटलं की काय होतं? व्हॉट्सअ‍ॅपवर चार फोटो जातात, दारात टेम्पो लागतो, खात्यात पैसे जमा होतात आणि व्यवहार संपला असं दोन्ही बाजू मानतात. आज बोलायचं आहे ते याच व्यवहाराच्या कागदांबद्दल. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा, बेळगावला नाहीतर हैदराबादला, कायदा बहुतांशी एकच आहे. फरक पडतो तो मुख्यतः मुद्रांक शुल्कात, त्याकडे शेवटी येतो.

माझी नोकरी सिग्नल्समध्ये झाली. फौजेत एका हातातून दुसऱ्या हातात वस्तू जाते तेव्हा तिला ‘चार्ज देणं’ म्हणतात. रेडिओ सेट असो की बॅटरी, लेजरमध्ये नोंद असते, नंबर असतो, घेणारा स्वतः मोजतो, कमी असेल ते वेगळ्या यादीत जातं आणि मगच दोघांच्या सह्या होतात. ‘बहुतेक सगळं आहे’ असं कुणी म्हणत नाही. ही सवय मुलकी धंद्यात जशीच्या तशी आणा असं मी म्हणणार नाही, कारण धंद्याला वेग लागतो. पण जिथे विकली जाणारी वस्तू अर्धी दिसते आणि अर्धी दिसत नाही, तिथे ही सवय फार उपयोगी पडते.

संगणकाच्या विक्रीत मुळात चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच खोक्यातून जात असतात. यंत्र जातं. त्यावरच्या सॉफ्टवेअरचा हक्क किंवा परवाना जातो, कधी जात नाही. आत साठलेली माहिती जाते, खरं तर ती जायला नको असते. आणि खाती उघडायच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, जातात किंवा विकणाऱ्याकडेच राहतात. या चारांचे कायदे वेगळे आणि हस्तांतराच्या पद्धतीही वेगळ्या. एका ओळीच्या पावतीत चारही कोंबले की भांडण ठरलेलं.

अशीच एक ओळ गेल्या वर्षी माझ्यासमोर आली. इंदूरमधलं एक शिक्षक जोडपं, बावीस वर्षं कोचिंग क्लास चालवला, आता थांबायचं ठरवलं. शहरातल्याच दुसऱ्या एका क्लासला त्यांची कॉम्प्युटर लॅब आणि ऑनलाइन सराव परीक्षेचं सॉफ्टवेअर हवं होतं. क्लास चालू स्थितीत विकायचा नव्हता, फक्त साहित्य आणि सॉफ्टवेअर. सौदा ११ लाखांना ठरला. घेणाऱ्यांनी कागद पाठवला, त्यावर मजकूर एवढाच: ‘सर्व संगणक साहित्य व सॉफ्टवेअर विकले, एकूण रु. ११,००,००० मिळाले.’ खाली सहीची जागा.

वहिनी म्हणाल्या, “कर्नलसाहेब, साधा कागद आहे, सही करून टाकतो. तुम्ही एकदा नजर टाका.”

मी नजर टाकली आणि पुढचे पाच दिवस आम्ही त्या एका ओळीतले शब्द सोडवत बसलो.

‘सर्व’ म्हणजे किती?

पहिला शब्द ‘सर्व’. सर म्हणाले ३४ संगणक आहेत. खरेदीची बिलं काढली तर ३६ निघाले. हॉलमध्ये मोजले तर ३२. एक अकाउंटंटच्या घरी होता. दोन कधीतरी दुरुस्तीला गेले होते, ते परत आलेच नव्हते. एकाचा फक्त डबा उरला होता, आतला मदरबोर्ड काढून दुसऱ्यात बसवलेला. म्हणजे विकण्याजोगे ३३. कुणी खोटं बोलत नव्हतं. बावीस वर्षांत असंच होतं.

म्हणून करारापेक्षा आधी यादी करा. वकिलाच्या भाषेत तिला ‘अनुसूची’ म्हणतात आणि माझ्या मते विक्रीच्या कागदातला सगळ्यात मोलाचा भाग तोच. करारातली कलमं बहुतेक ठिकाणी सारखीच असतात, यादी मात्र तुमचीच असते. प्रत्येक यंत्रापुढे कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, खरेदी बिलाची तारीख आणि आजची स्थिती लिहा. ब्रँडेड यंत्राचा सिरियल नंबर खालच्या किंवा मागच्या स्टिकरवर असतो, स्टिकर पुसलं असेल तर यंत्र सुरू होताना बायोसमध्ये दिसतो. असेम्बल केलेल्या संगणकाला असा एकच नंबर नसतो, तिथे मदरबोर्डचा आणि हार्ड डिस्कचा नंबर लिहून घ्या. डिस्कचा नंबर तर सगळ्याच यंत्रांचा लिहा, का ते पुढे कळेल.

स्थितीच्या रकान्यात ‘चांगली’, ‘बरी’ असले शब्द नकोत. ‘सुरू होतो, स्क्रीनवर उजवीकडे उभी रेघ’, ‘बॅटरी वीस मिनिटं’, ‘बंद, सुटे भाग म्हणून’ असं लिहा. फौजेत आम्ही कामाचं आणि निकामी असे दोनच ढीग करायचो. इथे मधला ढीग मोठा असतो आणि भांडणं नेमकी त्याच ढिगातून उगवतात.

यादीचं महत्त्व फक्त लहान क्लासला आहे असं समजू नका. अमेरिकेतली मॉर्गन स्टॅन्ली ही प्रचंड मोठी वित्तसंस्था. तिने २०१६ मध्ये दोन डेटा सेंटर मोडीत काढताना, डेटा नष्ट करण्याचा काहीच अनुभव नसलेल्या एका सामानहलवी कंपनीला काम दिलं. ग्राहकांची माहिती असलेली काही उपकरणं पुढे इंटरनेटवरच्या लिलावात विकली गेली. नंतर शाखांमधली यंत्रं बदलताना नोंदी पडताळल्या तेव्हा ४२ सर्व्हरचा पत्ताच लागेना. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या शेअर बाजार नियामकाने साडेतीन कोटी डॉलरचा दंड लावला. संगणक चालवायला त्यांच्याकडे माणसं भरपूर होती. कमी पडला तो जुन्या वस्तूंचा हिशेब.

‘विकले’ म्हणजे कधीपासून?

दुसरा शब्द ‘विकले’. आपल्याकडे यासाठी १९३० चा मालविक्री कायदा आहे आणि तो आजही लागू आहे. त्यातली एक गोष्ट ऐकून बरेच जण चमकतात. ठरावीक, तयार अवस्थेतल्या वस्तूचा बिनशर्त करार झाला, तर करार होताच मालकी घेणाऱ्याकडे जाते, पैसे नंतर द्यायचे असले आणि माल नंतर उचलायचा असला तरीही. हे कलम २० मध्ये आहे. आणि वेगळं काही ठरलं नसेल तर जोखीम मालकीबरोबर जाते.

आता विचार करा. सोमवारी करार झाला, टेम्पो शनिवारी येणार, गुरुवारी पाणी शिरून तळमजल्यातला सर्व्हर भिजला. नुकसान कुणाचं? कागदावर काही लिहिलं नसेल तर घेणारा म्हणणार ‘माल तुमच्याच ताब्यात होता’ आणि विकणारा म्हणणार ‘मालक तुम्ही झालात’. एक वाक्य लिहून हा वाद मिटतो: ‘संपूर्ण रक्कम विक्रेत्याच्या खात्यात जमा झाल्यावर व यादीप्रमाणे माल मोजून घेतल्याच्या सह्या झाल्यावर मालकी व जोखीम दोन्ही खरेदीदाराकडे जातील.’ तुम्हाला वेगळा क्षण हवा असेल तर तो लिहा. पण कुठला तरी एक लिहा.

याला जोडून एक गैरसमज. लोक ‘जसे आहे तसे’ लिहितात आणि समजतात की आता कुठलीच जबाबदारी उरली नाही. त्या शब्दांनी दर्जाबद्दलच्या तक्रारींपासून बरंच संरक्षण मिळतं हे खरं. पण वस्तू तुमच्याच मालकीची आहे आणि तिच्यावर दुसऱ्या कुणाचा बोजा नाही, ही हमी कलम १४ मध्ये कायद्यानेच गृहीत धरली आहे. दर्जाबद्दलच्या एका मोघम ओळीने ती आपोआप पुसली जात नाही.

आणि बोजा असतो, मंडळी. धंद्याच्या कर्जात बँक बहुतेक वेळा ‘सर्व चल मालमत्ता, आजची व पुढे येणारी’ असं लिहून घेते. त्यात संगणकही आले. इंदूरच्या या क्लासचं कॅश क्रेडिट खातं दोन वर्षांपूर्वी बंद झालं होतं, पण बँकेचं बोजा उतरल्याचं पत्र कुणी मागितलंच नव्हतं. पत्र यायला तीन दिवस लागले. तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर एवढ्याने भागत नाही, कंपनी निबंधकाकडे नोंदवलेला बोजाही उतरवून घ्यावा लागतो.

‘सॉफ्टवेअर’ कुणाचं?

खरी गुंतागुंत तिसऱ्या शब्दात. ११ लाखांपैकी जवळजवळ निम्मी किंमत त्या परीक्षेच्या सॉफ्टवेअरची होती.

बाजारातून विकत घेतलेलं सॉफ्टवेअर आधी बाजूला काढू. विंडोज, ऑफिस, अकाउंटिंगचं पॅकेज, अँटिव्हायरस. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीसीएस विरुद्ध आंध्र प्रदेश सरकार या खटल्यात, बाजारात तयार मिळणारं सॉफ्टवेअर विक्रीकरासाठी ‘माल’ ठरतं असं सांगितलं. त्यावरून काही जण म्हणतात, मग ते पुस्तकासारखं कुणालाही विका. इतकं सोपं नाही. त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये एका करविषयक निकालात स्पष्ट केलं की असं सॉफ्टवेअर घेणाऱ्याला त्यातला कॉपीराइट मिळत नाही, मिळते ती प्रत आणि वापराची मर्यादित मुभा. म्हणजे तुमच्या हातात परवाना आहे, आणि तो दुसऱ्याला देता येतो का हे परवान्यातच लिहिलेलं असतं.

नव्या संगणकासोबत आधीच बसवून आलेलं विंडोज साधारणपणे त्या यंत्राला बांधलेलं असतं, यंत्र विकलं की त्याच्यासोबतच जातं, काढून दुसऱ्यावर बसवता येत नाही. दरमहा किंवा दरवर्षी पैसे भरून घेतलेली सेवा सर्वसाधारणपणे हस्तांतरित होत नाही, ती बंद करायची आणि घेणाऱ्याने आपल्या नावाने नवी घ्यायची. एकदम पैसे देऊन घेतलेल्या पॅकेजबाबत त्या कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या आणि ते उत्तर कराराला जोडा. आणि उघड सांगतो, तुमच्या लॅबमध्ये कुणीतरी ‘करून दिलेलं’ चोरीचं सॉफ्टवेअर असेल तर ते विकण्याआधी पुसा. अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब खाली गुन्हा आहे, किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाखांपर्यंत दंड. त्याच्याही पुढे जाऊन तुम्ही ते ‘सॉफ्टवेअर विकले’ असं सही करून देता, म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच लिहून देता.

आता खास बनवून घेतलेलं सॉफ्टवेअर. मी सरांना विचारलं, “हे लिहिलं कुणी?”

“आमचाच विद्यार्थी. आता पुण्याला असतो. चार वर्षांत त्याला दोन लाख चाळीस हजार दिले, सगळे चेकने. पोरगं घरचंच आहे.”

“नोकरीला होता?”

“नोकरी कसली, कॉलेज करता करता काम करायचा.”

इथे पेच आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा, आणि त्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर आणि एखादी कादंबरी एकाच कपाटात! नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कृतीचा पहिला मालक सहसा मालक म्हणजे नोकरी देणारा असतो. पण बाहेरच्या माणसाकडून कंत्राटावर लिहून घेतलं असेल तर लेखी काही नसताना कॉपीराइट लिहिणाऱ्याचाच राहतो. पैसे दिले म्हणून तो तुमचा होत नाही. पैशांनी तुम्हाला वापरायचा हक्क मिळाला असं फार तर म्हणता येईल. सरांकडे चेकच्या नोंदी होत्या, मालकीचा कागद नव्हता. जे आपल्या नावावर नाही ते पाच लाखांना विकायला निघाले होते. आणि ‘सॉफ्टवेअर विकले’ या दोन शब्दांवर सही केली असती तर उद्या कुणी हरकत घेतल्यावर घेणारा सरांकडेच पैसे परत मागणार.

तो मुलगा खरोखरच सज्जन निघाला. फोनवर लगेच तयार झाला. मात्र एक गोष्ट त्याने सांगितली: लॉगिन आणि रिपोर्ट छापण्याचा भाग त्याने आधी स्वतःसाठी लिहिला होता आणि आणखी दोन ग्राहकांच्या कामात वापरला होता. तो भाग तो पूर्णपणे देऊ शकत नव्हता. अशा वेळी कागदात दोन परिच्छेद होतात. परीक्षेच्या भागाचा कॉपीराइट पूर्ण हस्तांतरित, आणि त्या सामाईक भागाचा कायमचा, विनाशुल्क, पुढे देता येण्याजोगा परवाना. घेणाऱ्यालाही हे चाललं, कारण त्याला सॉफ्टवेअर चालवायचं होतं, मुलाचा धंदा बंद पाडायचा नव्हता.

कॉपीराइट हस्तांतराच्या कागदात काय हवं हे कलम १९ सांगतं. कागद लेखी हवा आणि देणाऱ्याची सही हवी. कृती कोणती, कोणते हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती, हे लिहा. काळ लिहिला नाही तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मिळालेला हक्क एक वर्षात वापरला नाही तर, वेगळं लिहिलेलं नसल्यास, तो हक्क गळून पडतो. म्हणून ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभर, आणि एक वर्षात वापर न झाला तरी हक्क कायम राहतील’ ही ओळ हवीच. दोन कागद झाले: मुलाकडून सरांना, आणि सरांकडून घेणाऱ्याला. साखळीची प्रत्येक कडी कागदावर.

सॉफ्टवेअर ‘दिलं’ म्हणजे नेमकं काय दिलं, तेही लिहा. मूळ कोड, डेटाबेसची रचना, बसवण्याच्या सूचना, आणि त्यात वापरलेल्या ओपन सोर्स भागांची नावं व त्यांचे परवाने. ओपन सोर्स म्हणजे फुकट आणि बिनशर्त असा समज आहे, तो चुकीचा. काही परवाने, सॉफ्टवेअर पुढे देताना मूळ कोडही त्याच अटींवर द्या असं सांगतात. घेणाऱ्याला हे आधी कळायला हवं. सगळ्या फाइल्सची एक झिप करून तिचा हॅश, म्हणजे एसएचए-२५६ पद्धतीने निघणारा लांबलचक आकडा, करारात छापला. एक अक्षर बदललं तरी हा आकडा बदलतो. ‘तुम्ही दिलेली आवृत्ती हीच नव्हती’ हा वाद मग उभाच राहत नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश द्यायला जागा आहे, त्यामुळे पुढे कोर्टातही तो उपयोगी पडतो.

त्या ओळीत नसलेला शब्द

माहिती. ११ लाखांच्या ओळीत तिचा उल्लेखच नव्हता आणि धोका सगळ्यात जास्त तिथेच होता.

त्या सर्व्हरवर काय होतं? बावीस वर्षांतल्या नाही तरी गेल्या नऊ वर्षांतल्या मुलामुलींची नावं, फोटो, आईवडिलांचे फोन, पत्ते, गुण, फी कुणाची थकली, कुणाला सवलत दिली. बहुतेक मुलं अठराच्या आतली. घेणाऱ्याच्या मॅनेजरने सहज म्हणून विचारलं होतं, “जुना डेटा राहू द्या ना, आम्हाला उपयोगी पडेल.” मी सरांना म्हटलं, त्या पालकांनी नंबर तुम्हाला दिला होता, बाजाराला नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास कमाल दंड अडीचशे कोटींपर्यंत आहे. क्लासवाल्याला कुणी अडीचशे कोटी लावणार नाही हे मलाही कळतं. पण एखाद्या मुलीचा फोटो आणि नंबर भलत्या हातात गेला तर त्या घरावर काय येईल, त्याची किंमत दंडाच्या रकमेत मोजता येत नाही.

फाइल डिलीट केली किंवा साधं फॉरमॅट मारलं म्हणजे माहिती गेली, हे खरं नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी पानं आतच असतात, तसं. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेची ८००-८८ क्रमांकाची मार्गदर्शिका यासाठी जगभर वापरली जाते. तिच्यात तीन पातळ्या आहेत: वरून पुसणं, प्रयोगशाळेतही परत मिळणार नाही इतकं पुसणं, आणि डिस्कच नष्ट करणं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर पूर्ण पुनर्लेखन चालतं. एसएसडीवर त्याचा भरवसा नाही, कारण ती लिहिण्याच्या जागा आतल्या आत बदलत राहते. तिथे उत्पादकाने दिलेला सुरक्षित पुसण्याचा आदेश वापरायचा. मी सिग्नल्सचा माणूस, माझा सल्ला याहून कडक आहे: सर्व्हरच्या डिस्क विकूच नका. घेणाऱ्याला नवीन डिस्क घालू द्या, हजार-दोन हजार कमी मिळाले तरी चालतील. इथे आम्ही तेच केलं.

आणि फोटोकॉपियर विसरू नका. मोठ्या ऑफिस कॉपियरमध्ये हार्ड डिस्क असते आणि छापलेल्या कागदांच्या प्रतिमा तिच्यावर राहू शकतात. अमेरिकेतल्या अ‍ॅफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्यविमा संस्थेने भाड्याचे कॉपियर डिस्क न पुसता परत केले. त्यांतला एक सीबीएस वाहिनीने तपासासाठी विकत घेतला आणि त्यात रुग्णांची माहिती निघाली. २०१३ मध्ये त्या संस्थेला बारा लाख डॉलरहून जास्त रक्कम भरून प्रकरण मिटवावं लागलं. आपल्या क्लासच्या कॉपियरवर तर प्रवेशाच्या वेळी प्रत्येक मुलाचं आधार कार्ड ठेवलेलं. सीसीटीव्हीच्या डब्यातही डिस्क असते.

पुसण्याचं प्रमाणपत्र करा. डिस्कचा सिरियल नंबर, पद्धत, वापरलेलं साधन, तारीख, पुसणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची सही. यादीत डिस्कचे नंबर लिहायला सांगितले ते याच्यासाठी, दोन्ही कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत.

पण थांबा, पुसण्याआधी आपल्या हिशेबाची प्रत काढून घ्या! जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. कंपनी असेल तर पुस्तकं आठ वर्षं. अकाउंटंटच्या घरचा तो संगणक सगळ्यात शेवटी पुसला.

किल्ल्या आणि कर

संगणक पुसून, रीसेट करूनही अडतो कधी कधी. कंपनीने तो विंडोजच्या ऑटोपायलटमध्ये किंवा दुसऱ्या व्यवस्थापन प्रणालीत नोंदवला असेल तर रीसेटनंतरही तो जुन्या कंपनीचाच लॉगिन मागतो. अ‍ॅपलच्या यंत्रांना अ‍ॅक्टिव्हेशन लॉक असतो. बायोसचा पासवर्ड कुणाला तरी आठवत नसतो. ही नोंद काढल्याचं यादीत एका रकान्यात लिहा, आणि घेणाऱ्याने प्रत्येक यंत्र आपल्यासमोर सुरू करून बघितल्याशिवाय सही करू नये.

वेबसाइटचं डोमेन जाणार असेल तर ते कुणाच्या नावावर नोंदलेलं आहे ते बघा. पुष्कळ ठिकाणी ते वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर निघतं. पेमेंट गेटवे आणि बँकेशी जोडलेली खाती हस्तांतरित करायची नाहीत, बंद करायची. घेणारा स्वतःचं केवायसी देऊन नवीन काढेल. राहिलेल्या प्रत्येक खात्याचा नोंदवलेला मोबाइल नंबर बदला. नाहीतर क्लास विकून सहा महिने झाले तरी ओटीपी वहिनींच्या फोनवर येत राहणार, आणि तो ओटीपी रात्री अकराला मागणारा फोनही.

करांबद्दल थोडक्यात, कारण आकडेमोड तुमच्या सीएने करायची. एकच उदाहरण देतो. सर्व्हर चार लाखांना घेतला, त्यावर १८ टक्क्यांनी ७२,००० रुपये जीएसटी भरला आणि त्याचं क्रेडिट घेतलं. तीन वर्षं दोन महिने वापरून ९०,००० ला विकला. विक्रीकिमतीवर कर होतो १६,२००. पण ज्या वस्तूचं क्रेडिट घेतलं तिच्या बाबतीत दुसराही हिशेब करावा लागतो: दर तिमाहीला, अर्धवट तिमाही धरून, पाच टक्के वजा. इथे तेरा तिमाही, म्हणजे ६५ टक्के गेले, उरलेले ३५ टक्के म्हणजे २५,२००. दोघांतली मोठी रक्कम भरायची. खरेदी बिलाची तारीख यादीत का हवी, ते इथे दिसतं. आणि म्हणूनच ११ लाख एकगठ्ठा न लिहिता आम्ही किंमत फोडली: ३३ संगणक ४,२९,०००, सर्व्हर ९०,०००, कॉपियर ५०,०००, यूपीएस व नेटवर्कचं सामान ३१,०००, आणि सॉफ्टवेअर पाच लाख. जीएसटी याच्यात धरलेला की वेगळा, तेही करारात एका ओळीत लिहिलं. संपूर्ण धंदा चालू स्थितीत विकला तर जीएसटीचं आणि आयकराचं गणित पूर्ण वेगळं होतं, तिथे आधी सीए आणि मग करार. रोखीत दोन लाख किंवा त्याहून जास्त घेऊ नका, आयकर कायद्याने मनाई आहे. माल दुसऱ्या राज्यात जाणार असेल आणि किंमत ५०,००० च्या वर असेल तर ई-वे बिल लागतं.

बंद पडलेली यंत्रं भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राला द्या आणि पावती घ्या. त्या मदरबोर्ड काढलेल्या डब्याचीही पावती आमच्या फाइलमध्ये आहे.

मुद्रांक शुल्क राज्याराज्यात वेगळं. मालाच्या साध्या विक्रीचा करार आणि कॉपीराइट हस्तांतराचा कागद यांना वेगवेगळे दर लागू शकतात. करार एकत्र करायचा की दोन करायचे, हे स्थानिक वकिलाला विचारूनच ठरवा. आम्ही दोन केले.

शेवटी फाइलमध्ये एवढं जमलं: यादी व फोटो, खरेदीची बिलं, बँकेचं पत्र, विक्रीचा करार, कॉपीराइटचे दोन कागद, सॉफ्टवेअर कंपन्यांची उत्तरं, डिस्क पुसल्याची प्रमाणपत्रं, टॅक्स इन्व्हॉइस आणि माल मोजून घेतल्याचा कागद. कराराच्या दोन प्रती, दोन्हींच्या पानापानावर सह्या. माल उचलायच्या दिवशी सर आणि घेणाऱ्यांचा मॅनेजर दोघांनी मिळून ३३ यंत्रं एकेक करून सुरू केली, त्याला सकाळी दहापासून दुपारी तीन वाजले. एका यंत्राच्या मागे, यूएसबीच्या खाचेत, सरांचं डिजिटल सहीचं टोकन अजून खोचलेलं होतं. ते काढून वहिनींनी पर्समध्ये टाकलं आणि मगच टेम्पोत माल चढला.